अर्धं सूत

भिवापुरात मिरचीच्या गोदामावर
आमचा क्लास.
खाली मागच्या हंगामाची पोती.
शटर वर गेलं की सहाच्या सहा जणं शिंकतो
आणि कोणाची तरी रेघ
पानाबाहेर पळते.

खोब्रागडे सर म्हणाले,
आज तीनच आकार. चौकोन, गोल, त्रिकोण.
यातून काहीही करा, पण घरातलं करा.
निकिताने शेगडी केली,
दुर्गेशने मोटारीचा स्टार्टर.
मी बैल केला.
एक आडवा चौकोन, खाली चार उभे,
डोक्याला लंबगोल,
शिंगांना दोन त्रिकोण,
सगळं निवडून वेल्ड.

प्रिंट घरी नेली.
तान्ह्या पोळ्याला बावीस दिवस होते,
ओसरीभर सागाची छिलपं.
बाबांनी रंधा ठेवला, कागद उजेडात धरला.
"हे पेटी व्हय वो.
पेटीले शिंगं फुटले."

मग कानामागची पेन्सिल काढून
फळीच्या एका तुकड्यावर
मानेपासून शेपटापर्यंत
एकच रेघ.
वशिंडावर ती जराशी थबकली,
चढावर बंडी थबकते तशी,
आणि उतरली.

तो तुकडाच मी पिशवीत घालून नेला.
मोबाइलवर फोटो, फोटोचं ट्रेसिंग.
बाबांच्या त्या एका रेघेत
संगणकाने एकशे बारा नोड टाकले.
सागाची नस मोजली, पेन्सिलचं बोथट टोक मोजलं,
वशिंड मात्र सपाट केलं.

पुसत जा, सर म्हणाले,
नोड कमी तर रेघ मोकळी.
पुसत गेले.
साठ. एकतीस. चौदा.
नवावर तो अजून बैल होता,
आठवर डुक्कर झाला.
कंट्रोल झेड.
मग वशिंडावरच्या नोडचं हँडल धरलं,
वर नाही, थोडं मागे ओढलं,
तेव्हा कुठे त्याने जू ओढलेलं दिसलं.

बाबा एकदा बिजागऱ्या घ्यायला आले होते,
तसेच वर आले.
दारात चपला काढल्या,
माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.
"म्हंजे कापलेलं मांगं घेता येते?"
"हो, कितीही वेळा."
त्यांनी डाव्या अंगठ्याकडे पाहिलं,
पटाशीने नख नेलं तो.
काही बोलले नाहीत.
अंगठा खिशात घातला.

रंग भरायला गेले तर भरेना.
तांबडा टाकला, नाही. काळा टाकला, नाही.
कुठेतरी रेघ उघडी होती.
मोठं करत गेले, आठशे टक्के, सोळाशे,
पोटाखालून, खुरांतून, गळ्याच्या पोळीवरून,
आणि नाकाशी सापडली
केसाएवढी फट.
"राहू दे नं," बाबा मागून म्हणाले,
"तेथूनच तं वेसण जाते."

पण उमरेडच्या मशीनला बंद रेघ लागते.
मी फट जोडली. रंग एकदम भरला.
मग नाकात एक बारका गोल ठेवून
तेवढा कापून घेतला, दोरीपुरता.

मशीनवाल्याने फोनवर माप विचारलं.
वीतभर, हातभर, काय म्हणाल ते करा,
रेघ फाटणार नाही, मी म्हणाले.
बाबा पाटावरून उठून
पुन्हा खाली बसले.

चाकं राहिली होती.
कंट्रोल दाबून लंबगोल ओढला,
वाटोळा, एकदम वाटोळा,
त्याच्या अजून तीन प्रती.
बाबांनी पडद्याला बोट लावून
एका चाकावरून फिरवलं, पूर्ण.
"एवढा गोल माह्याच्यानं
कधी झाला नाही."

खरंच नव्हता झाला.
त्यांच्या बैलाचं एक चाक नेहमी अडायचं.
दोरी ओढली की बैल दर फेऱ्याला
मान हलवायचा.
मारबत गेल्यावर गल्लीत
आम्ही त्यालाच जिवंत म्हणायचो.

फाइल पाठवायची ती रात्री साडेदहाला.
बाबा झोपले होते.
पुढच्या डाव्या चाकाला मी कर्व्ह केलं,
चार नोड उमटले,
त्यातला उजवीकडचा धरला
आणि बाहेर ओढला
अर्धं सूत.